मुद्दल देवास ठाऊक

आमच्या देवासात नोटा छापतात. सत्तरच्या दशकापासून बँक नोट प्रेस इथे आहे. नोटांना लागणारी शाईही इथेच तयार होते. बाहेरगावचे पाहुणे टेकडीवर माताजींचं दर्शन घेऊन खाली उतरले की हमखास म्हणतात, "तुम्हाला बुवा पैशाला काय तोटा!" एरवी हा विनोद आम्ही आदरातिथ्याचा भाग म्हणून हसून घेतो. पण महिन्याच्या पाच तारखेला मोबाइल टुणकन वाजतो, खात्यातून २१,६९६ रुपये जातात, आणि त्या दिवशी हा विनोद करणाऱ्याला चहा बिनसाखरेचा मिळतो.

जानेवारी २०१८ मध्ये या प्रेसमधल्याच एका अधिकाऱ्याने घरगुती बचतीचा अभिनव मार्ग शोधला होता. छपाईत नापास झालेल्या नोटा बुटांत, कपड्यांत दडवून तो थोड्या थोड्या बाहेर नेत होता. थेंबे थेंबे तळे साचे. पकडला गेला तेव्हा तळ्यात सुमारे ९० लाख रुपये होते. शिस्त, सातत्य, गाजावाजा न करणे, बचतीच्या पुस्तकातले सगळे नियम त्याने पाळले. पैसा आपला असावा, हा पहिला नियम तेवढा राहून गेला.

आम्हाला मात्र पगारातूनच वाचवायचं असतं, आणि पगार बुटात सहज मावेल एवढाच असतो.

गेल्या पाडव्याला आमच्या घरी ठराव झाला: घराचं कर्ज मुदतीआधी फेडायचं. ठराव मी मांडला, अनुमोदन मीच दिलं आणि अंमलबजावणी सौ.कडे सोपवली. पहिल्याच बैठकीत मी अनावश्यक खर्चांची यादी वाचून दाखवली. त्यात सौ.चा गजरा होता, मुलीचा चित्रकलेचा क्लास होता आणि आईचा दुपारचा दुसरा चहा होता. माझी रविवारची पोहे-जिलेबी यादीत नव्हती, कारण माळव्यात तो नाश्ता नसून धर्म आहे. क्रिकेटसाठी घेतलेल्या तीन ओटीटींची वर्गणीही नव्हती, कारण ती मानसिक आरोग्याच्या सदरात मोडते. काटकसर म्हणजे दुसऱ्याच्या वाटीतलं तूप कमी करणे, अशी या विषयावरची माझी तोवरची समज होती.

वीज वाचवण्यासाठी मी घरभर दिवे मालवत हिंडलो. आई आत असताना न्हाणीघरातलाही मालवला. महिनाअखेर हिशेब केला तर १,९४० रुपये वाचले होते! त्या आनंदात सगळे बाहेर जेवायला गेलो. बिल झालं २,१०० रुपये.

अशा अवस्थेत धारचे साडू आले.

इथे थोडा इतिहास सांगणं भाग आहे. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी देवासला राज्य केलं आणि पुढे एकाच गावात दोन राज्यं झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार, दोन राजवाडे. टेकडीवरच्या देवीही दोन, तुळजाभवानी थोरली आणि चामुंडा धाकटी, आणि त्याही बहिणी. धारला पवारांचीच आणखी एक शाखा. आमच्या घरातही हाच नकाशा आहे. सौ.ची थोरली बहीण धारला दिलेली, धाकटी इथे देवासला माझ्या पदरी. साडूभाऊ पीथमपूरच्या कारखान्यात आहेत, आणि धारचे असल्यामुळे बोलण्याला धार आहे. त्यांचं घराचं कर्ज आमच्याच वर्षी, तेवढंच आणि तितक्याच मुदतीचं घेतलेलं. दोन पात्यांत तुलना व्हायला आणखी काय हवं?

चहा झाल्यावर साडूंनी विचारलं, "कर्ज किती राहिलं?"

"हप्ता अगदी वेळेवर जातो," मी म्हणालो.

"हप्ता जातो हो. मुद्दल किती राहिलं?"

"ते... देवास ठाऊक."

"म्हणून तर देवासला विचारतोय!"

साडूंनी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, उलटं केलं आणि दुधाच्या हिशेबाशेजारी गणित मांडलं. सोपं पडावं म्हणून दर साडेआठ टक्के कायम धरला. कर्ज २५ लाख, मुदत २० वर्षं, हप्ता २१,६९६. पहिल्या महिन्याचं व्याज होतं १७,७०८ रुपये. म्हणजे पहिल्या हप्त्यात घराच्या वाट्याला किती आले? ३,९८८. बाकीची रक्कम बँकेच्या घरी गेली. हप्त्यात मुद्दलाचा तुकडा व्याजापेक्षा मोठा व्हायला जवळपास बारा वर्षं लागतात. तोवर आपण घरमालक कमी आणि बँकेचे पेइंग गेस्ट जास्त.

सौ. पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आली आणि कालनिर्णयावर वाकली. "पाच वर्षं झाली. आजवर किती भरले?"

"तेरा लाख," साडू म्हणाले. "वर थोडे सुटे."

"आणि फिटले किती?"

"तीन लाखांच्या आत."

घरात जी शांतता पसरली ती मी न्हाणीघरातला दिवा मालवला तेव्हाही पसरली नव्हती. सौ.ने पेन उचललं आणि दोनदा गुणाकार करून पाहिला. माणसाचा बँकेवर विश्वास असतो, पण दुधाच्या हिशेबाशेजारी आकडा आला की तो तपासल्याशिवाय राहवत नाही. आकडा बदलला नाही. २५ लाखांतले २२ लाख ३ हजार अजून शिल्लकच होते.

वर हा हिशेब दर कायम धरून केलेला. खरा दर कुणासाठी थांबतो? मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला. आमच्या बँकेने त्या काळात हप्ता एका रुपयानेही वाढवला नाही. केवढा चांगुलपणा, म्हणून मी चार लोकांत तिची स्तुतीही केली. तिने मुदत वाढवली होती, हे मला साडूंनी स्टेटमेंट उघडल्यावर कळलं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. आता विचारतात. मेसेज येतो, इंग्रजीत, ऐन जेवणाच्या वेळी, आणि आपण तो सेलची जाहिरात समजून पुसून टाकतो.

मग सौ. आत गेली आणि तुरीच्या डाळीचा डबा घेऊन आली. डाळ परातीत ओतली. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत, हिंगाच्या वासाने माखलेल्या, रबर लावलेल्या नोटा होत्या. भाजीतले सुटे, माहेरची ओवाळणी, भिशीतला उरलेला वाटा, रद्दीचे पैसे. मोजल्या तर ४० हजार! शिवाय पाचशेच्या चार जुन्या नोटा, ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री डाळीखाली झोपल्या त्या उठल्याच नाहीत. नोटा छापणाऱ्या गावात नोटांना डाळीत समाधी मिळावी, याला योगायोग म्हणावं की काव्य, कुणास ठाऊक.

मी म्हणालो, "एवढे पैसे होते तर सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर राहिले असते का?"

या प्रश्नाला इतिहासात उत्तर नाही. भूगोलात आहे, पण तो रस्ता बाहेर जेवायला जाण्याचा आहे.

साडूंनी पुन्हा पेन उचललं. हे ४० हजार आज मुद्दलात भरले तर शेवटचे सहाहून अधिक हप्ते गळतात. म्हणजे १ लाख ३० हजारांहून जास्त रक्कम भरावी लागत नाही. तेच ४० हजार डब्यात राहिले तर डाळीला कीड लागत नाही, एवढाच फायदा.

मला एकदम स्फुरण चढलं. "मग हिच्या पाटल्या आहेत ना! सोनं गहाण ठेवून गृहकर्जात टाकू."

"साडूभाऊ, आमच्या धारचा किल्ला पाहिलाय ना?" साडू शांतपणे म्हणाले. "जानेवारी १७७५ मध्ये आनंदीबाईंना तिथे मुलगा झाला. राघोबादादा तिकडे इंग्रजांच्या मदतीच्या मागे. मार्चमध्ये सुरतेचा तह झाला आणि सहा लाखांचे जवाहीर कंपनीकडे तारण म्हणून गेले. तो मुलगा म्हणजे दुसरा बाजीराव. एकदा तारण ठेवायची सवय लागली की १८१८ पर्यंत काय काय जातं, ते शाळेत शिकलाय तुम्ही."

पाटल्या वाचल्या. सौ.ने त्या दिवशी जिजाजींना दुसऱ्यांदा पोळी आग्रहाने वाढली. त्यावर तुपाची धारही होती. माझी वाटी काटकसरीत होती.

खरी गंमत पुढे आहे. साडूंचं कर्ज आमच्याएवढंच, पगारही जवळपास आमच्याएवढाच, पण त्यांचं मुद्दल आमच्यापेक्षा बरंच खाली होतं. ताईंनी ना गजरा सोडला होता, ना मुलांचे क्लास बंद केले होते. रविवारी त्यांच्याकडेही पोहे-जिलेबी होतेच, वर शेव आणि जिरावण. मग यांनी केलं काय?

"दहावा हिस्सा," साडू म्हणाले. "हप्त्याच्या वर त्याचा दहावा भाग, पहिल्या महिन्यापासून. पगार झाला की आधी तो जातो. उरलेल्यात घर. तुमच्या जिल्ह्याचीच युक्ती, तुम्हालाच सांगावी लागते!"

खरंच आमच्या जिल्ह्याची. नव्वदीच्या दशकात या देवासने रेल्वेने आलेलं पाणी प्यायलं आहे. जिल्ह्यातले शेतकरी कर्ज काढून बोअर मारत; तो आटला की आणखी कर्ज काढून आणखी खोल मारत. पाणी खाली जाई, व्याज वर चढे. २००६ मध्ये तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी गावोगाव फिरून एक सरळ हिशेब मांडला: जमिनीचा दहावा हिस्सा तलावाला द्या, उरलेले नऊ तो भिजवील. पिकती जमीन पाण्यात घालायची म्हटल्यावर लोकांनी आधी कपाळाला हात लावला. मग शेतकऱ्यांनी आपल्या पैशाने खोदायला सुरुवात केली. तलावांना नाव पडलं रेवासागर, आणि बघता बघता हजारो तळी झाली. टोंकखुर्दच्या बाजूला जाऊन पाहा, शेतातल्या पाण्यात आभाळ उतरलेलं दिसतं.

सरकारी बोर्डावर 'पाणी वाचवा' असं लिहिलेलं असतं. ते वाचून कुणाची विहीर भरल्याचं ऐकिवात नाही. पाणी साठवायला आधी खड्डा लागतो, आणि तो पावसाआधी खोदावा लागतो. आमची काटकसर खड्ड्याविना होती. दिवे मालवून वाचलेले १,९४० रुपये साठायला जागाच नव्हती, म्हणून ते हॉटेलकडे वाहून गेले.

आता साडूंच्या दहाव्या हिश्श्याचा हिशेब. २१,६९६ चा दहावा भाग २,१७० रुपये. एवढे पहिल्या महिन्यापासून वर भरले तर २० वर्षांचं कर्ज १६ वर्षांत संपतं आणि एकूण सव्वासहा लाख रुपये कमी जातात. हाच उद्योग पाच वर्षांनी सुचला, म्हणजे आम्हाला सुचला तेव्हा, तर चार वर्षांऐवजी अडीच वर्षं वाचतात. मधली दीड वर्षं ही उशिरा शहाणपण येण्याची फी. शहाणपणाला निदान जीएसटी नाही.

दुसऱ्या दिवशी ४० हजार घेऊन आम्ही बँकेत गेलो. नोटांना हिंगाचा वास येत होता. कॅशियरने दोनदा शिंकून त्या मोजल्या. मग एक हसतमुख अधिकारी आले. "एवढी घाई कशाला सर? कर्ज लवकर फेडलं तर टॅक्सची सवलत जाईल." हे वाक्य बँकांमध्ये बहुतेक भरतीच्या वेळीच पाठ करून घेत असावेत. जुन्या कररचनेत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, खरं. म्हणजे बँकेला १०० रुपये द्यायचे आणि सरकारकडून त्यातले फार तर तीसेक वाचवायचे. सत्तर रुपये गमावून मिळणाऱ्या सवलतीला आमच्या घरात तोटा म्हणतात. आणि नव्या कररचनेत, जी आता आपोआप लागू होते, राहत्या घराला ही वजावटच नाही. हे सांगितल्यावर अधिकाऱ्यांचं हसू जरा पातळ झालं आणि त्यांनी विम्याची एक योजना पुढे सरकवली.

"दंड किती लागेल?" मी घाबरत विचारलं. दंड नाही. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतीपूर्व फेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना बंदी केली आहे. इतकी वर्षं मी ज्या दंडाच्या भीतीने बँकेची पायरी चढलो नव्हतो, तो दंड मी बँकेत जायच्या कितीतरी आधी मेला होता.

मग फॉर्म आला. त्यात दोन चौकोन होते, हप्ता कमी करायचा की मुदत कमी करायची. अधिकाऱ्यांनी सवयीने 'हप्ता कमी' वर खूण करायला पेन टेकवलं. सौ.ने ते पेन त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं आणि 'मुदत कमी' वर अशी खूण केली की ती खालच्या कार्बनवरही उमटली. हप्ता कमी केला की महिन्याला चारदोनशे मोकळे होतात आणि ते कुठे जातात हे आम्हाला त्या २,१०० च्या बिलाने शिकवलं आहे. मुदत कमी केली की घर लवकर मोकळं होतं.

ऑफिसात एका मित्राने सुनावलं, "वेडा आहेस. म्युच्युअल फंडात जास्त मिळतात." मिळतात की नाही यावर मी वाद घालत नाही. बाजारात जास्त मिळू शकतात. कर्जात साडेआठ टक्के वाचतातच. 'शकतात' आणि 'तातच' या दोघांत कुणाच्या भरवशावर झोप लागते, ते ज्याने त्याने आपल्या छातीला हात लावून ठरवावं. माझ्या छातीला ईसीजी करून झाला आहे.

उत्साहाच्या भरात सगळंच मुद्दलात ओतू नका, हेही साडूंचंच. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. बँक तुमचं मुद्दल हसत घेते, पण आईला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर त्यातले पाच हजारही परत देत नाही. आणि क्रेडिट कार्डावर थकबाकी असेल तर आधी ती मिटवा. महिन्याला साडेतीन टक्क्यांचं भोक तसंच ठेवून वर्षाला साडेआठचं बुजवणं, हे शहाणपण फक्त माझ्यासारख्यालाच सुचतं. मला सुचलं होतं.

हिशेब न जमलेला माणूस या गावाने फार जवळून पाहिला आहे. १९२१ मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी सचिव होता. 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात त्याने इथल्या नव्या राजवाड्याची कथा सांगितली आहे. एकीकडे बांधकाम चालूच, आणि दुसरीकडे आधी बांधलेला भाग पडायला लागलेला. आमच्या कॉलनीच्या बिल्डरने हे पुस्तक वाचलं असणार. महाराज हुशार, दिलदार, भक्तिमार्गी. खजिना तेवढा गळका. अखेर संस्थान कर्जात रुतलं आणि १९३३ च्या अखेरीस महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीला निघून गेले. १९३७ मध्ये तिथेच वारले.

राजाला पाँडिचेरी होती. आपल्याला वसुलीवाल्याच्या फोनवर देवासातूनच 'हॅलो' म्हणायचं आहे.

म्हणून दहावा हिस्सा, आणि तो याच महिन्यापासून. सौ.चा गजरा परत सुरू झाला आहे, आईचा दुसरा चहाही. तीन ओटीटींपैकी दोन गेली, आणि क्रिकेट मी आता शेजाऱ्यांकडे पाहतो. पाच तारखेच्या हप्त्याआधी, तीन तारखेलाच २,१७० रुपये मुद्दलात जातात. डाळीच्या डब्यात आता फक्त डाळ आहे. निदान मला तसं सांगण्यात आलं आहे.

शेवटची एक गोष्ट लक्षात ठेवा. कर्ज पूर्ण फिटलं की घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम असा की तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये तिने तुम्हाला द्यायचे. बँकेने तुम्हाला हप्ता द्यावा असा प्रसंग सगळ्या कर्जात हा एकच येतो. तिथवर जरा लवकर पोचा.